बिबटे वाढले, म्हणजे नेमकं काय कमी पडायचं थांबलं?

पेठेतला_पक्का | रविवार, रात्री 9:50

आज सकाळी नारायणगावला मावसभावाकडे गेलो होतो. येताना हायवेला चहासाठी थांबलो, तर बाकड्यावर बिबट्याचाच विषय. मादी बिबट्यांच्या नसबंदीची चर्चा निघाल्यापासून तिकडे दुसरं काही बोलत नाहीत. एक जण म्हणत होता, सगळे धरून न्या. दुसरा म्हणाला, नेऊन ठेवणार कुठे, तुझ्या ओसरीवर? कोपऱ्यात एक आजोबा तंबाखू मळत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "कुकडीचं पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं हा आला. आवतण दिलं कुणी आन् शिव्या कुणाला."

गाडी चालवताना तेच डोक्यात घोळत राहिलं. आपण सगळे विचारतो, बिबटे इतके का वाढले? पण बिबट्याची मादी आजोबांच्या लहानपणीही तीन महिन्यांत वीत असणार आणि 2-3 पिल्लं घालतच असणार. तेव्हा का नाही वाढले? कोण अडवत होतं? आणि जे अडवत होतं ते आता गेलं कुठे?

मी कॉमर्सवाला. निसर्गाशी संबंध सिंहगडावरच्या पिठलं-भाकरीपुरता. जाणकारांनी लिहावं. राजकारण नको, नाहीतर धाग्याचं काय होतं ते आपण जाणतोच.

गुणाकार_मास्तर | रविवार, रात्री 10:25

प्रश्न उलटा धरलात हे बरं केलंत. जन्म किती होतात हा मुद्दाच नाही, हे आधी आकड्यांनी दाखवतो.

समजा एका तालुक्यात 10 बिबटे आहेत आणि दर 3 वर्षांनी संख्या दुप्पट होते. मादी अडीच-तीन वर्षांची झाली की वेते, त्यामुळे पिल्लं जगली तर हा वेग काही अचाट नाही. 30 वर्षांत होतात 10,240. 60 वर्षांत 1 कोटीच्या वर. म्हणजे तालुक्यात माणसाला उभं राहायला जागा उरणार नाही.

डार्विनने हाच हिशेब मुद्दाम सगळ्यात सावकाश वाढणाऱ्या प्राण्यावर, हत्तीवर, करून दाखवला होता. एका जोडीपासून 740-750 वर्षांत सुमारे 1 कोटी 90 लाख हत्ती. गंमत म्हणजे 1859 मध्ये त्याने छापलेला पहिला आकडा वेगळा होता, 500 वर्षांत दीड कोटी. वाचकांनी गुणाकार तपासून चूक दाखवली आणि त्याने ती सुधारली. (अशी मुलं माझ्या वर्गात का आली नाहीत, हे आजही सलतं.)

तेव्हा प्रत्येक प्राण्याला कुणीतरी अडवतंच. 1838 मध्ये बेल्जियमच्या व्हर्हुल्स्टने त्याचं समीकरण मांडलं. गर्दी जसजशी वाढते तसतशी वाढ मंदावते, आणि एका पातळीला शून्य होते. त्या पातळीला धारणक्षमता म्हणतात. पण समीकरण फक्त 'थांबतं' एवढंच सांगतं. कशाने थांबतं ते रानात जाणाऱ्यांनी सांगावं. तो माझा प्रांत नाही.

खवचट_पुणेरी | रविवार, रात्री 10:31

पुण्यातल्या दुचाकींना धारणक्षमता का नाही, यावरही एक समीकरण होऊन जाऊ द्या.

गुणाकार_मास्तर | रविवार, रात्री 10:40

आहे की. संध्याकाळी सात वाजता चांदणी चौकात उघड्या डोळ्यांनी दिसते.

घोडकाठचा | सोमवार, सकाळी 6:10

मी शिरूर तालुक्यातला. साडेचार एकर रान, त्यात तीन एकर ऊस. धागा वाचला, म्हणून लिहितो.

तुमच्यापैकी किती जण उभ्या उसात शिरलेत? आडसाली ऊस 15-16 महिने रानात उभा असतो. दोन सऱ्या आत गेलं की बाहेरचा माणूस दिसत नाही, आवाजसुद्धा दबतो. एप्रिलात बाहेर ऊन भाजून काढत असतं, पण आत पाचटावर हात ठेवा, गार लागतो. कडंनं पाटाचं पाणी. रात्री वस्तीवरची कुत्री, गोठ्यातली कालवडं, धनगराच्या वाड्यावरच्या शेळ्या, आणि वर रानडुकरं. बाळंतपणाला माहेर याहून चांगलं कुठलं?

माझ्या आज्याच्या काळात इथं बाजरी, हुलगा, मटकी. चार महिन्यांचं पीक, मग आठ महिने उघडी रानं. ससा लपला तरी लांबून दिसायचा. बिबट्या लपणार कुठं? पेठेतला भाऊ, हे तुमचं उत्तर. त्याला कुणी अडवत नव्हतं, त्याला जागाच नव्हती.

आता दुसरं. बायका गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जातात, तो फोटो तुम्ही फॉरवर्ड केला असंल. ज्या आठवड्यात थ्रीफेज लाईट रात्रीची असती, त्या आठवड्यात उसाला पाणी द्यायला, दारं धरायला मी जातो. एका हातात बॅटरी, एका हातात खोरं आणि खिशात मोबाईलवर भजन मोठ्यानं. देवासाठी नव्हे, त्याला कळावं म्हणून.

टेकडीवाली | सोमवार, दुपारी 1:15

घोडकाठचे दादा, तुमची पोस्ट या धाग्याचा कणा आहे. मी पक्षी बघणारी, वेताळ टेकडीवर पंधरा वर्षं जाते. त्यामुळे माझा दाखला पंखवाला.

धनेश किंवा पोपट किती होतील हे फळांवर ठरतं असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा ते ठरतं ढोलीवर. दोघांनाही घरटं स्वतः बांधता येत नाही, जुन्या झाडातली पोकळी लागते. उंबर-वड फळांनी लगडलेले असले तरी ढोल्या चारच असतील तर संसार चारच. युरोपात रानात लाकडी पेट्या टांगल्या की फ्लायकॅचरच्या जोड्या वाढतात. अन्न तेवढंच, हवा तीच, फक्त खोल्या वाढल्या. रस्तारुंदीत जुना वड पडतो आणि त्याच्या बदल्यात दहा रोपं लावतात, तेव्हा मला हेच आठवतं. रोपाला ढोली यायला तीन पिढ्या जातात.

मुद्दा असा की रानात सगळ्याच गोष्टी एकदम कमी नसतात. एकच काहीतरी सगळ्यात कमी असतं आणि वाढ तिथे अडते. बिबट्याच्या बाबतीत इकडे ती गोष्ट आडोसा होती. उसाने तो दिला.

खाण्याचं म्हणाल तर वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून अभ्यास केला होता, 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. नाव घ्यावं असं जंगल नाही, सगळी शेती आणि वस्ती, तरी 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 प्रौढ बिबटे. विष्ठा तपासली तेव्हा वजनाच्या हिशेबात 87 टक्के खाणं पाळीव किंवा गावातल्या जनावरांचं निघालं, त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा 39 टक्के. म्हणजे आपला कचरा कुत्र्यांना पोसतो आणि कुत्री बिबट्याला.

खवचट_पुणेरी | सोमवार, दुपारी 1:22

म्हणजे सोसायटीच्या कोपऱ्यावर बिस्किटं टाकणाऱ्या काकू प्रत्यक्षात व्याघ्रप्रकल्प चालवतायत. हलके घ्या.

पेठेतला_पक्का | सोमवार, रात्री 8:05

जागा, आडोसा, खाणं हे कळलं. पण शाळेत आपण शिकलो ते शिकारी-सावज वेगळंच होतं ना? ससे वाढले की कोल्हे वाढतात, कोल्हे वाढले की ससे कमी होतात, वगैरे. मग सशाला अडवतं कोण, गवत की कोल्हा?

टेकडीवाली | सोमवार, रात्री 9:30

यावर एक फार देखणा प्रयोग आहे. कॅनडात युकॉनमधल्या क्लुएनीच्या रानात बर्फातल्या सशांवर केलेला, 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. एका भागात जास्तीचं खाणं टाकलं, ससे साधारण तिप्पट झाले. दुसऱ्या भागात कुंपण घालून शिकारी बाहेर ठेवले, दुप्पट झाले. तिसऱ्या भागात दोन्ही केलं. तिथे किती व्हावेत? मास्तर, तुम्ही सहापट म्हणाल. झाले 11 पट.

म्हणजे भूक आणि भीती वेगवेगळी मोजताच येत नाहीत. उपाशी ससा चरायला उघड्यावर जातो आणि तिथे मारला जातो. मरणाच्या दाखल्यावर काय लिहाल?

मचाणावरचा | सोमवार, रात्री 11:48

भीतीवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेच्या रात्री भीमाशंकरच्या बाजूला पाणवठ्यावर मोजणीला बसलो होतो. वर मचाण, खाली बैलगाडीएवढं डबकं, मे महिना, आसपास दुसरीकडे कुठे पाणी नाही. दहाच्या सुमारास सांबराची मादी आली, मागे पिल्लू. पाण्यापासून वीस पावलांवर येऊन थांबली. एक पाय उचललेला, तो खाली टेकवायला तयार नाही. कान पुढे, कान मागे. मी घड्याळ बघितलं, बेचाळीस मिनिटं ती तशी उभी होती. मग पलीकडे साळिंदराचे काटे खुळखुळले आणि दोघं पाणी न पिताच गेली. पहाटे तीनला परत आली, तेव्हा चार घोट घेतले असतील.

तक्त्यात मी लिहिलं, सांबर मादी 1, पिल्लू 1. बेचाळीस मिनिटांसाठी रकाना नव्हता.

नंतर वाचलं की कॅनडातच चिमणीएवढ्या गाणाऱ्या पक्ष्यांवर प्रयोग झालाय. घरट्यांना जाळी आणि विजेचं कुंपण घालून खरे शिकारी रोखले आणि फक्त शिकाऱ्यांचे आवाज स्पीकरवर ऐकवले. त्या हंगामात पिल्लं 40 टक्क्यांनी कमी झाली. एकही पक्षी खाल्ला गेला नव्हता. 2011 चा अभ्यास आहे.

गोठा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी 7:20

मी जनावरांचा डॉक्टर. इथवर सगळे खाणं आणि खाणारा यावरच बोलतायत. न दिसणारा खाणारा राहिला.

जुन्या शेतकऱ्यांना 'बुळकांडी' हा शब्द ऐकून अजून काटा येतो. गुरांचा रोग, गावंच्या गावं रिकामी करायचा. 2011 मध्ये तो जगातून संपल्याचं जाहीर झालं. हाच रोग आफ्रिकेत सेरेंगेटीच्या विल्डबीस्टना (कळपाने चरणारी मोठी रानजनावरं) अडवून धरत होता आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आजूबाजूच्या पाळीव गुरांना लसी टोचल्या आणि रानातून रोग आपोआप गेला. रानातल्या जनावराला सुई लागली नाही. वासरं जगायला लागली. 1960 च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट 1970 च्या दशकाच्या शेवटी 13 लाखांवर गेले आणि तिथे थांबले. का थांबले? कोरड्या महिन्यांत गवत पुरेना.

रोगाला गर्दी लागते, म्हणून तो दाटीत जास्त मारतो. 2025 च्या जुलैत कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत 16 चितळं दगावली, लाळ्या-खुरकूत निघालं. गीरमध्ये 2018 साली काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह गेले, त्यातल्या अनेकांत कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर सापडला. सिंह एकाच टापूत दाटलेले असले की हा धोका कायम. टेकडीवाली ताईंनी बिबट्याच्या ताटात 39 टक्के कुत्री सांगितली. ताटाबरोबर काय काय जातं याचा विचार मी गोठ्यातून घरी जाताना करतो.

आणि एक. सगळीच मर्यादा दाटीने येत नाही. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. अशा प्राण्यात पिल्लू गेलं तर चालतं, पण प्रौढ जाऊन चालत नाही. डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. ही संख्या कोसळायला रानातल्या शंभर मढ्यांपैकी एकातसुद्धा औषध असायची गरज नव्हती, त्याहून कमी पुरलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात 99.9 टक्के गेली. आमच्याच पेशाचं औषध. 2006 मध्ये जनावरांसाठी बंदी आली. उरलेली मढी मग कुणी खाल्ली? कुत्र्यांनी. फिरून तिथेच आलो.

सातासमुद्रापार | मंगळवार, सकाळी 9:02

वाचतोय. अमेरिकेतून दोन पैसे. अलास्काजवळ सेंट मॅथ्यू नावाचं ओसाड बेट आहे. 1944 मध्ये तिथे 29 रेनडिअर नेऊन सोडले. शिकारी नाही, रोग नाही, दगडफुलाच्या जाड गाद्या चरायला. 1957 मध्ये 1,350, 1963 मध्ये 6,000. मग एक कडक हिवाळा आला. 1966 मध्ये पाहणी झाली तेव्हा 42 उरले होते, 41 माद्या आणि 1 नर. पुढे तेही संपले. दगडफूल हळू वाढतं, ते आधीच खाऊन संपलं होतं. हिवाळ्याने फक्त शेवटचा धक्का दिला.

म्हणून मी म्हणतो, शिकारी लागतोच. अॅरिझोनात कैबाबच्या पठारावर लांडगे आणि प्यूमा (तिकडची मोठी रानमांजरं) मारून टाकले आणि हरणं 4,000 ची 1 लाख झाली, मग उपासमार. माणसाने ढवळाढवळ करू नये, निसर्ग आपला समतोल साधतो.

गुणाकार_मास्तर | मंगळवार, सकाळी 11:40

रेनडिअर बरोबर. कैबाबचे आकडे मात्र जपून वापरा. 1970 मध्ये कॉगली यांनी ते तपासले, तर 1 लाख हा अंदाज अगदी कच्चा निघाला. शिवाय त्याच काळात पठारावरची मेंढरं-गुरंही खूप कमी झाली होती, म्हणजे हरणांना गवतही जास्त मिळालं असणार. मग श्रेय कुणाला द्यायचं? पाठ्यपुस्तकात गोष्ट सुबक दिसली की मी पेन काढतो.

घोडकाठचा | मंगळवार, रात्री 10:15

"निसर्ग आपला समतोल साधतो." सातासमुद्रापार दादा, तुमच्या बेटावर माणूस नव्हता. समतोल साधायला तिथं 6,000 हरणं मेली. इथं समतोल साधताना कोण मरणार? माझ्या बांधावर ऊसतोडीची टोळी येते, त्यांची लेकरं पालात झोपतात. पालाला दार नसतं.

राग नका मानू. पण धरून लांब नेऊन सोडायला काय होतं, हे मला एकानं नीट सांगा.

टेकडीवाली | मंगळवार, रात्री 11:05

दादा, राग कसला. तुमच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

ते करून झालंय, तुमच्याच शेजारी. जुन्नर भागात 1993 ते 2001 माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी 4 होते. 2001 पासून शेतात पकडलेले बिबटे लांब जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. पुढच्या दोन-अडीच वर्षांत हल्ले सरासरी 17 वर गेले. अत्रेय यांचाच अभ्यास, 2011 चा.

कारण काय असावं यावर एक जुना प्रयोग आठवतो. इंग्लंडमध्ये जॉन क्रेब्स यांनी रानातल्या ग्रेट टिट पक्ष्यांच्या जोड्या त्यांच्या हद्दींतून उचलल्या. काही तासांतच त्या हद्दींत दुसरे पक्षी येऊन गायला लागले. ते शेजारच्या बांधावरच्या झुडपांत दिवस काढत होते, चांगल्या जागेची वाट बघत. म्हणजे आपल्याला दिसणारे प्राणी हे जागा मिळालेले असतात. रांग मागे असते. (युकॉनच्या सशांच्या प्रयोगातही क्रेब्सच होते, पण ते चार्ल्स. आडनाव एक, माणसं दोन.)

वाघाचंही तेच. 2019 मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ हद्द शोधत 1,300 किलोमीटरहून जास्त चालला आणि ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तिथे खाणं होतं, जागा होती, मादी नव्हती. एकट्याचं काय वाढणार?

तुमच्या उसातला मुरलेला बिबट्या वस्तीच्या वेळा ओळखून असतो. तो उचलला की ती हद्द रांगेतल्या पोराला मिळते. आणि उचललेला जिथे सोडाल तिथे परका, भेदरलेला, घराकडे तोंड करून.

घोडकाठचा | मंगळवार, रात्री 11:20

तुमचा टिट पक्षी माणूस खात न्हाय, ताई. बाकी पटलं.

पेठेतला_पक्का | बुधवार, दुपारी 12:30

मग नसबंदी? पुढची पिल्लंच झाली नाहीत तर रांगच लागणार नाही.

गोठा_डॉक्टर | बुधवार, रात्री 9:10

कागदावर बरोबर. गोठ्यातून बघतो तेव्हा तीन अडचणी दिसतात.

कुत्र्यांच्या बाबतीत एका भागातल्या साधारण 70 टक्के कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात झाली तरच संख्येवर परिणाम दिसतो, असं धरतात. कुत्रा बिस्किटाला येतो. बिबट्याची मादी पिंजऱ्यात यायला किती रात्री लागतात ते वनरक्षकाला विचारा. ती आधी पकडलेली असली तर आणखीच.

दुसरं, निम्म्या माद्यांना पिल्लं झाली नाहीत तर उरलेल्या निम्म्यांच्या पिल्लांना जागा आणि खाणं जास्त. एरवी मेली असती ती जगतात. मास्तरांच्या समीकरणात हे आपोआप येतं, बजेटमध्ये येत नाही.

तिसरं, आणि दादांच्या दृष्टीने हेच मोठं. नसबंदी झालेल्या मादीलाही रोज भूक लागते. गुण आला तरी तो काही वर्षांनी दिसणार. यंदाच्या शेळ्या यंदाच जाणार.

करू नये असं मी म्हणत नाही. थोड्या माद्यांवर करून, मोजून बघावं. पण तेवढ्याने उसातला आडोसा आणि गावातली कुत्री कमी होणार नाहीत.

गुणाकार_मास्तर | बुधवार, रात्री 9:55

समीकरणात धारणक्षमतेला आम्ही 'के' म्हणतो आणि जन्माच्या वेगाला 'आर'. डॉक्टरांचं म्हणणं दोन अक्षरांत सांगायचं तर सगळे 'आर'शी भांडतायत आणि 'के' रोज पाटाच्या पाण्याने वाढतोय.

घोडकाठचा | बुधवार, रात्री 10:40

मास्तर, तुमचं के-आर कळत न्हाय, पण दारं कळतात. पाटाचं पाणी सरीत सोडलं की ते पहिल्या बांधाला तुंबतं. तिथलं दारं मोडलं की पुढच्या बांधाला जाऊन तुंबतं. कुठंतरी तुंबणारच. आधी ते आडोशाला तुंबलं होतं. ते दारं आम्ही मोडलं, उसापायी. मग खाण्याला तुंबलं असतं, पण कुत्री आणि गोठे होते. आता कुठं तुंबतंय ते मी रोज बघतो. हायवेला गाडीखाली, कठडा नसलेल्या विहिरीत, आणि माणसाच्या सोसण्याला. शेवटचा बांध आमचा हाय.

मचाणावरचा | बुधवार, रात्री 10:44

+1. दादा, हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा नीट सांगितलंत.

टेकडीवाली | गुरुवार, सकाळी 8:30

आणि याच्या नेमकं उलटं बारामतीकडे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहेत, क्षेत्र अवघं 5 चौरस किलोमीटरच्या आसपास. माळरान मोडून पाणी आलं, ऊस आला, तसा चिंकाऱ्याचा बांध अलीकडे सरकला. लांडग्याचंही तेच. पुण्याजवळच्या गवताळ भागात लांडगा आणि गावकुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत सिद्ध झालाय. तेच पाणी, तोच ऊस, तीच कुत्री. एकाची धारणक्षमता वाढली, दुसऱ्याची घटली. 'वन्यप्राणी वाढले' असं एका दमात म्हणणाऱ्यांना मी आता विचारते, कुठला?

खवचट_पुणेरी | गुरुवार, सकाळी 8:41

पहिल्यांदाच या संस्थळावर शंभर प्रतिसादांआधी काहीतरी कळलं. धागा वाचनखुणेत टाकलाय.

घोडकाठचा | तीन आठवड्यांनी, शनिवार, पहाटे 5:35

धागा वर काढतो.

परवा आमची तोड होती. दुपारी अकराच्या सुमारास टोळीतली एक बाई ओरडली. पाचटात दोन पिल्लं, मांजराएवढी, डोळे उघडलेले. निळसर डोळे. एक फिस्कारत होतं, दुसरं त्याच्या पोटाखाली तोंड खुपसून बसलेलं. कोयते थांबले. मुकादम म्हणाला, गाडी भरायची हाय, करायचं काय? मी वनखात्याला फोन लावला. खोटं न्हाय सांगत, त्याआधी पाचेक मिनिटं मी नुसताच उभा होतो. शेजारच्या वस्तीवरचा गडी म्हणाला, "कशाला फोन, दोन कमी होतील." टेकडीवाली ताई, तेव्हा तुमची रांग आठवली. दोन कमी होऊन दोन येणारच असतील, तर निदान चवताळलेली आई रात्री माझ्या रानात नको.

ते आले, पिल्लं तपासली आणि संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून जिथं सापडली तिथंच ठेवली. कॅमेरा लावला. टोळीची पालं आम्ही त्या रात्री आमच्या पडवीत आणली, नऊ लेकरं आणि दोन शेळ्या. झोप कुणालाच न्हाय.

सकाळी कॅमेऱ्यात बघितलं. नऊ चाळीसला आली. क्रेटभोवती तीन वेळा फिरली आणि लांब जाऊन बसली. मचाणावरचे दादा, मी मोजलं, पस्तीस मिनिटं. मग एक तोंडात धरून नेलं. दुसऱ्यासाठी पार दीड वाजता आली. मधल्या वेळात ते एकटंच क्रेटच्या कडेवर पुढचे दोन पाय टाकून उभं होतं.

क्रेट उलटा पडलेला मिळाला, धुऊन ठेवलाय. अर्धा एकर तोड राहिलीय, ती आज होईल. ती पिल्लं घेऊन कुठल्या फडात गेली ठाऊक न्हाय, पण पलीकडचा ऊस जानेवारीत तुटणार, म्हणजे तोवर तिथंच असंल. सोमवारपासून लाईट रात्रीची हाय. खोडव्याला पाणी सोडायचंय.